पान बेचाळीस

पाचशे प्रती छापून आल्या,
दिवाणाखाली मावल्या नाहीत.
उरलेल्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली,
प्लास्टिकात गुंडाळून.
विजू म्हणाली, लिहिलंस ते लिहिलंस,
आता लोकांना छळू नकोस.

पुस्तक वासांचं आहे.
छत्तीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावर
प्रयोगशाळेत नाकावर पोट भरलं.
रबाळ्याला पहाटे सडक्या अंड्याचा, महाप्याला नेलपॉलिशचा,
तुर्भ्याच्या वळणावर कुणाच्यातरी भट्टीतून
जळक्या साखरेचा.
कंपन्या गेल्या, काचेच्या इमारती आल्या,
त्यांना वासच नाही.
म्हणून लिहिलं.
(हे असं बोलता बोलता येतंच बघा. किंमत दोनशे.)

ऐरोलीत आमच्या सोसायटीत
पंपहाऊसच्या कट्ट्यावर संध्याकाळी आम्ही सातजण.
तिथं आपला विषय आपण आणायचा नसतो,
तो यावा लागतो.
तीन आठवडे वाट पाहिली.
बिडकरांच्या मोतीबिंदूवरून, पाण्याच्या टँकरवरून
वासापर्यंत रस्ता जातो का, चाचपत राहिलो.
मेथीवरून जातो.
जवळजवळ पोचलो होतो,
तेवढ्यात बिडकरांनी जावयाची विमा योजना काढली
आणि सगळ्यांच्या नजरा
आपापल्या चपलांकडे गेल्या.
मी पिशवीची चेन परत लावली.

दिव्यागावची पारूबाय वीस वर्षं मासळी आणते.
टोपली खाली ठेवते, फडकं काढत नाही.
आधी विजूचा गुडघा, मग भाचीचं बाळंतपण.
ओरडताना तिला ऐकलं नाही कधी.
विचारलं तर म्हणाली, वरडायचं कशाला?
वास जिन्यानं आधीच वर गेलेला असतो.

पुस्तकाचा जात नाही.
पहिल्या मजल्यापर्यंतसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात वाघधरे गेले.
खालच्या हॉलमध्ये शोकसभा, सतरंजी, निशिगंधाचा हार.
मला बोलायला लावलं, एका कंपनीतले म्हणून.
मी नीट बोलत होतो.
रात्रपाळी, त्यांचा डबा, आणि ती गळतीची रात्र,
रुमाल हवेत धरून वाघधऱ्यांनी वारा ओळखला
अन् आम्हा चौघांना
उलट्या दिशेनं पळवलं.
आणि तोंडातून निघून गेलं,
हे सगळं माझ्या पुस्तकात आहे, पान बेचाळीस.

पंखा फिरत होता.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
विजूनं पदराची पिन काढली, परत लावली.

अकरा दिवस कट्टा टाळला,
दुधाला मागच्या फाटकानं.
बाराव्या दिवशी दारात हेमलता वाघधरे,
हातात आमचाच स्टीलचा डबा, परत करायला.
ते बेचाळीस, म्हणाल्या.
प्रत आणून दिली. पैसे नकोत म्हणालो.
त्यांनी दोनशेची नोट डब्यात ठेवली, झाकण लावलं,
आणि चष्मा नव्हता म्हणून
पुस्तक हातभर लांब धरून
उंबऱ्यातच वाचत उभ्या राहिल्या.
खूप वेळ. पान एकच.

रुमाल निळा नव्हता, म्हणाल्या.
पांढरा. कडा मी शिवल्या होत्या.

हल्ली जेवणं झाली की दिवाणाखालून गठ्ठा ओढतो,
एकेक प्रत उघडून बॉलपेननं
निळा खोडतो, पांढरा लिहितो.
रोज वीस होतात. विजू मोजते.

कट्ट्यावर परत जायला लागलोय,
पिशवी नेत नाही.
काल बिडकरांनी विचारलं,
रात्री बारापर्यंत दिवा कसला असतो हो तुमचा?
म्हटलं, एक चूक दुरुस्त करतोय.
कसली चूक?

सातही जण माझ्याकडे बघत होते.
चपलांकडे कुणीच नाही.

मेथी परत महागली, म्हणालो.