रुमाल क्रमांक एकशे सतरा

रुमाल सोडला की आधी शिंक येते.
मग धूळ बसते, मग अक्षरं दिसू लागतात.
खर्शीकर सर म्हणतात, मास्क लावत जा, सुनेत्राबाई.
मास्क लावला की मला मोडी वाचता येत नाही.
का, ते सांगता येत नाही.

आजचा कागद एका बेटावरचा आहे.
कुठलं बेट, ते कसरीने खाल्लं.
वरच्या डाव्या कोपऱ्यात नाव असणार.
तिथून आता टेबलाचं हिरवं रेक्झिन दिसतं.
एवढं कळतं, की चहूकडे टोपीकरांची जहाजं आहेत
आणि तट अजून कमरेइतकाच आहे.

हात न उचलता लिहिलंय.
मोडी तशीच लिहितात, पण हा माणूस
वाक्यांच्या मध्येसुद्धा श्वास घेत नाही:
*चुना सरत आला पाणी खारवले गोळा पडोन पाथरवट दोन ठार
दिवसा ते पाडितात रात्री बांधितो
रात्री बांधितो*

शेवटचे शब्द दोनदा आलेत.
मी पेन्सिलीने समासात लिहिलं: लेखनदोष.
नंतर शाई पाहिली.
दुसऱ्या वेळची वेगळी आहे, फिकट,
पाणी घालून वाढवलेली.
म्हणजे ती दुसरी रात्र.
समासातलं खोडलं.

त्याखाली मागणी.
शिसे दोन मण. बारूद मिळेल तितकी.
दोरखंड, तांदूळ, लिंबे.
मजूर एक.

एकच?
भिंग घेतलं. खिडकीशी नेलं.
मोडीत काना आणि उकार माणसाला फार छळतात.
मजूर नव्हे, माजर.
पुढे तर स्वच्छ आहे: *उंदीर पोती फोडितात. माजर पाठवावे.*

आणि बाजूला दुसरं अक्षर, किनाऱ्यावरच्या कारकुनाचं, टापटीप:
*माजर एक, पदाजी कोळी याजबरोबर, अवसेचे राती रवाना.*

आता हे माझं, कागदात नाही:
वल्ह्यांना चिंध्या गुंडाळलेल्या.
दोन जहाजांच्या मधून, इतक्या जवळून
की वर कुणी खोकलं ते खाली ऐकू आलं.
पदाजीच्या घोंगडीत ते ऊन, थरथरतं,
बरगडीत नखं रोवून.
खिशाच्या जागी कमरेला सुक्या बोंबलाचे तुकडे,
एकेक करून भरवलेले.
गप गं बये. गप.
बारूद पायाशी आहे
आणि भीती मात्र त्याला मांजराची.

दुपारी डबा खाताना शमशुद्दीनला सांगितलं.
तो रुमाल काढतो, ठेवतो, तीस वर्षं झाली.
म्हणाला, होडीत गप्प बसलं?
आमचं तर दवाखान्यात नेताना
कोंढव्यापासून कॅम्पापर्यंत ओरडतं, बाई.
अख्खी रिक्षा आमच्याकडे बघते.

चारला सर आले. फॉर्म भरून हवा.
स्थळ: अज्ञात. काळ: अनिश्चित.
विषय: वेढा.
महत्त्व: ...
जिंकलं कोण तेवढं घाला, म्हणाले. बेट मोक्याचं दिसतंय.

पुढचा कागद नाही.
हाच उलटला.
पाठीवर, आरपार उमटलेल्या ओळींच्या फटीत,
तीच पाणी घातलेली शाई:
*पदाजी तिसरे खेपेस पोचला नाही.
तट छातीस लागला.
माजर व्याले. पिले चार.*

बस्स. पुढे कसरीची वाट,
नकाशातल्या नदीसारखी वळत जाणारी.

महत्त्वाच्या रकान्याला जागा अर्धा इंच.
पेन्सिल हातात घेऊन बसले.
बाहेर कौन्सिल हॉलच्या चौकात कुणीतरी
हॉर्नवरचा हात काढत नव्हतं.
साडेपाचला शमशुद्दीन खिडक्या लावायला आला,
कमरेइतक्या, मग छातीइतक्या, मग वरच्या.

रकाना तसाच ठेवला. उद्या बघू.
कागद होता तसा घडीवर घडी घातला,
रुमालाच्या चारी कोपऱ्यांत
डांबराची एकेक गोळी ठेवली.
कसर रात्रीचीच येते.