वायसर

शर्टाच्या खिशात कातडी वायसर दोन,
खांद्यावर पाना, साडेचार किलोचा.
डोंगरापलीकडच्या गुड्यावरचा हातपंप
पोळ्यापासून नुसती हवा ओकतोय
आणि मधे हा ओढा, कंबरभर.
पाणी दुरुस्त करायला निघालेला मी
पाण्यानंच अडवलेला.

इथं पूल नाही. वाटही नाही.
फोनवर सांगितलं होतं, "सरळ या."

मागून सावनाबाई कुमरे आली,
किनवटला सीताफळं विकून,
रिकाम्या पाटीत मिठाचा पुडा.
पाण्याकडं बघितलंच नाही तिनं,
मान कलती करून ऐकलं.
"हितं गप हाय. गप पाण्यात उतरू नाही.
वर चला, जितं कटकट करूलालंय तितं."

दोनशे पावलं वर, गोट्यांवरून ओढा
खरोखर भांडत होता.
बूट गळ्यात. तोंड धारेकडं.
एक पाय बसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.
मधोमध पाना मला खाली दाबू लागला
आणि पहिल्यांदाच त्याच्या वजनाचं बरं वाटलं.

पलीकडं गवत, छातीएवढं, कुसळी.
खिंड खालून अगदी स्पष्ट होती:
दोन डोंगर, मधे बैलाच्या पाठीसारखा वाक.
चढायला लागलो तशी ती नाहीशी झाली.
सागाच्या पानांआड नुसता चढ,
मग आणखी एक चढ.
दोनदा मी उजवीकडं भरकटलो.
बाई रोह्याच्या लेंड्या बघत चालली.
"त्याला बी पल्याड जायचं असतंय," म्हणाली,
"आन त्याला घाई नसती."

वर पोचलो तर वारा एवढा
की बोलणं तोंडातच परत आलं.
खाली गुडा, नऊ-दहा कौलारू घरं,
पंपाच्या दांड्याला कुणीतरी बांधलेली ओढणी,
म्हणजे बंद आहे, हापसू नका.
बाई डाव्या सोंडेनं उतरून गेली.
तिचं घर तिकडं नव्हतंच
जिकडं मी समजत होतो.

पंप साडेतीनला लागला.
एका पोरीनं पहिला घोट थुंकला, हसली.

रात्री तिथंच राहिलो. चुलीपुढं बसून
पँटमधली कुसळं उपटत होतो,
एकेक काढून विस्तवात टाकत.
कुठलं कुठं चिकटलं, आठवेना.
वाट असलीच तर एवढीच होती बहुतेक,
पायाला अडकून आलेली.
उद्या परत जायचं आहे
आणि मी ती जाळत बसलोय.