माणसाच्या अंगाइतकं ऊन

सात खुर्च्या. आठवी मोडकी,
तिच्यावर मांजर बसतं म्हणून फेकत नाही.
नोशिरोच्या बंदरामागच्या या बोळात
हिवाळ्यात पाचलाच अंधार, आणि बर्फ
आडवा येतो, समुद्राकडून.
कंदील लावला की माझं काम सुरू:
पातेल्यात पाणी, पाण्यात कथलाचं भांडं,
भांड्यात साके,
आणि थोड्या थोड्या वेळाने माझं बोट
भांड्याच्या बुडाला.

थर्मामीटर आहे. मिसाओने आणला, माझ्या भाचीने.
त्याने मी तळणीचं तेल मोजते.

आमच्याकडे साकेच्या ऊनपणाला नावं आहेत.
बर्फाइतकं गार, फुलाइतकं गार,
उन्हात ठेवल्यासारखं,
माणसाच्या अंगाइतकं,
मग कोमट, मग चांगलं गरम, मग कढत,
आणि त्याच्याही पुढचं एक, जे फक्त कोळी मागतात
जाळी ओढून बोटं बधिर झाल्यावर.
तेही आधी पीत नाहीत. नुसतं धरून बसतात.

परवा तोक्योहून एक जोडपं आलं.
बाटलीवरचे आकडे वाचत होते:
तांदूळ किती घासला, किती उरला.
निम्मा दाणा भुकटी करून गाळलेला तो महाग घोट
त्यांनी घेतला धुरात सुकवलेल्या मुळ्याबरोबर
आणि म्हणाले, खरबुजाचा वास येतो म्हणतात, कुठे येतो?
कसा येईल?
मुळा चुलीवर टांगून राहिलेला, रात्रंदिवस, लाकडाचा धूर पीत.
त्याच्यासमोर ती नाजूक मुलगी तोंड उघडत नाही.
मी न विचारता पेला बदलला.
दांडगा, आंबूस, पिवळट साके दिला, कोमट.
मुळ्यावर मिसाओने चीज ठेवलं होतं.
(चीजवर मी महिनाभर बडबडले. आता गप्प आहे. जमतं.)
दोघं बोलायचे थांबले, आणि खायला लागले.

कुदो-सान बुधवारी येतात.
बेचाळीस हिवाळे साकेच्या भट्टीवर मुख्य होते.
शितावरून भाताची परीक्षा करतात,
ते वाफेवरून करायचे, दाराबाहेर उभं राहून.
गेल्या फेब्रुवारीत तापातून उठले
आणि नाक गेलं.
म्हणजे आहे, जागच्या जागी. चष्मा ठेवायला.

पहिल्या बुधवारी एक घोट घेऊन म्हणाले,
पाणी.
पेला इतका हळू खाली ठेवला
की मांजरानेही मान वळवली.

मी काय बोलणार? मी हाताहाता भाजायला घेतला,
अंड्यांनी भरलेला, डिसेंबरचा.
ती अंडी चवीची नाहीतच मुळी,
दाताखाली फुटतात, करकर,
बाहेरच्या बर्फावर बूट पडावेत तशी, आणि मग बुळबुळीत.
त्यावर माणसाच्या अंगाइतकं ऊन साके.
कुदो-सान चावत राहिले, डोळे मिटून.
पुन्हा ओतलं, तेव्हा म्हणाले,
हे जास्त झालं. त्रेचाळीस.
मांजराशी बोलत बसलीस ना?

बसले होते.

तेव्हापासून दर बुधवारी ते बोट लावून सांगतात, मी काढते.
चूक होते ती माझीच.
काल मात्र पेला हातात धरून विचारलं,
याला वास कसला येतोय, सांग.
आयुष्यभर या माणसाला वर्णन करणारी माणसं आवडली नाहीत.
फूल, मध, पावसानंतरचं अमुक,
असलं काही बोललं की उठून जायचे.
मी हुंगलं. खरं सांगितलं:
कोठीच्या कोपऱ्यातल्या ओल्या रबरी बुटांचा.

हसले. मग रागावले.
हा दोष आहे, म्हणाले, कोणाच्या हातचा माल?
मी बाटली फिरवून लेबल दाखवलं,
त्यांच्या शेवटच्या हिवाळ्याचं.

बराच वेळ बघत होते.
मग पेला पुढे केला,
आणि म्हणाले, थोडं अजून तापव,
आणि मासा आहे का, अंड्यांचा,
एक त्या मांजरालाही दे.