मधोमध हळू

हाइलुओतोचा बर्फाचा रस्ता उघडला
की सिनिक्काचे वडील टपालाची गाडी काढत.
गोठलेला समुद्र, कडेला खुणेच्या फांद्या,
आणि त्या थंडीतही काचा खाली केलेल्या,
बुडालोच तर हात बाहेर निघावा म्हणून.

ती शेजारी. मांडीवर पत्रांची थैली.
किनाऱ्यालगत गाडी भरधाव,
पण पुढे, जिथे प्रवाह खालून बर्फ कुरतडतो,
तिथे ताउनो न बोलता पाय उचलत.
इतकं हळू, की चाकाखाली
बर्फ कण्हताना ऐकू येई.
मग पलीकडे पुन्हा वेग.

"सगळा रस्ताच हळू का नाही जायचं, बाबा?"
"मग टपाल परवा पोचेल."
"आणि सगळा वेगात?"
त्यांनी उत्तर दिलं नाही.
थर्मासचं झाकण तेवढं घट्ट केलं.

आता एस्पोच्या एका तळघरात
सोनेरी झुंबरासारखं यंत्र टांगलंय.
त्याच्या टोकाशी, अवकाशाहून गार जागेत,
सहा क्यूबिट.
सहा म्हणजे चौसष्ट खोल्या.
एकीत खूण आहे. कुठल्या, माहीत नाही.

आपण दारं ठोठावत गेलो असतो,
एक, दोन, सत्तावीस…
हे तसं करत नाही.
हे आधी चौसष्ट खोल्यांत सारखंच असतं,
एक ना धड
(भाराभर चिंध्या म्हणू नका,
त्या चिंध्यांतच सगळी गंमत आहे).
मग त्याच्या पायाखालची जमीन बदलत न्यायची,
जिथे खूण तिथे खळगा पडेपर्यंत,
आणि तळाशी असलेल्याने
तळाशीच राहायचं.
न हिंदकळता. काठोकाठ ताकाचं भांडं
माजघरातून ओसरीवर न्यावं तसं.

धोका मध्यावर.
अर्धी जमीन जुनी, अर्धी नवी,
तिथे तळ आणि वरची पायरी
एकमेकींना टेकायच्याच बाकी राहतात.
जरा घाई, की पाय वरच्या पायरीवर
आणि शेवटी दार उघडतं भलतंच.

याल्मारी म्हणाला, मग अथपासून इतिपर्यंत रांगूया.
तीन आठवडे रांगला बिचारा.
तेवढ्या वेळात दारं ठोठावून झाली असती.
शिवाय क्यूबिट विसराळू.
रेंगाळलात, तर काय शोधत होतो
तेच जातं डोक्यातून.

सिनिक्काने फळ्यावर एक रेघ काढली.
आधी चढण, मग सपाट, मग पुन्हा चढण.
"फक्त इथे पाय उचल."
हिशेब म्हणतो, चौसष्टच्या जागी साधारण आठ,
दहा लाखांच्या जागी हजार.

याल्मारी रेघेकडे बघत राहिला.
"पण खोली ठाऊक नसताना
धोक्याची जागा कशी ठाऊक?"

तेच तर.
एकेचाळिसावी असो की तिसरी,
कुठल्याही खोलीकडे जाताना
बर्फ पातळ होतो तो त्याच ठिकाणी.
पत्र कुणाचं, ते थैलीतच राहू दे.
प्रवाह कुठे, तेवढं कळलं की पुरे.

रात्री पंपाची धडधड, मशीनची कडू कॉफी.
शंभर खेपा.
पहाटे याल्मारीने आकडा वाचला,
मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.
एकाहत्तर वेळा योग्य खोली.

सिनिक्काने फोन लावला.
ताउनो जागेच होते, म्हातारपणी झोप कुठली.
"बाबा, आम्ही वेग वाढवला."
पलीकडे रेडिओ बारीक झाला.
"हळू कुठे झालीस?"

तिने सांगितलं. त्यांनी हुंकार भरला,
तिला वाटलं, खूश झाले.

"आणि ती उरलेली
एकोणतीस पत्रं?"