कडीची उंची

अंबाजोगाई रोडच्या दुकानात
पोरगा एकेक फरशी उजेडाला तिरपी धरतो.
ही आयव्हरी, वहिनी. ही बिस्किट. ही सँड.
मला तिन्ही ज्वारीच्या पिठासारख्या दिसतात:
एक चाळलेलं, एक बिनचाळलेलं,
एक डब्याच्या तळाशी जाळं धरलेलं.

मन्मथ बाहेर, फोनवर.
विचारलं तर म्हणतो, तुला आवडंल ते.
साडी, कुकर, पोरीची शाळा,
सोळा वर्षं हेच एक वाक्य पुरवून वापरलंय त्यानं.

मग मी नमुन्याचे तुकडे पर्समध्ये घेऊन फिरते.
स्टाफरूममध्ये मतदान होतं.
बिस्किट निवडून येतं, चार विरुद्ध तीन,
नि हेडबाईंचा चहा सँडवर सांडतो,
तर डाग दिसत नाही.
सँड घेतली.

शॉवर घेतला.
लातुरात नळ आठव्या दिवशी येतो, ठाऊक आहे,
पण हौस टँकरवरही भागते.

ओटा माझ्या कमरेवरून ठरला.
मिस्त्रीनं टेपचं टोक माझ्या हातात दिलं
नि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.
एकतीस इंच.
आजवर दुसऱ्यांच्या उंचीवर पोळ्या लाटल्या मी,
टाचा उचलून.

फॉल्स सीलिंगपाशी मात्र
त्यानं फोन खिशात टाकला.
वर काही नको.
इंटेरियरवाली हसली, सर, जिप्सम आहे, हलकं असतं.
हलकं म्हणजे किती?
तिला आकडा सांगता येईना.
मग माळा नको. पलंगावरचं कपाट नको.
झुंबर तर मी कॅटलॉगमध्येच मिटवलं.

मला माहीत होतं.
म्हणजे तारीख माहीत होती,
गणपती बोळवून झोपलेलं गाव,
दगडमातीची हातभर जाड भिंत, वर माळवद,
घरातली पाच माणसं, त्यातला एक हा.
नंतरची वर्षं नंबराच्या घरात, चुलत्याकडं,
जिथं सगळी दारं सारखी
नि पोरं चुकून शेजारच्या घरात जेवायला बसत.
एवढं सगळं मला सासरच्या बायकांनी सांगितलं.
त्यानं नाही.

हार्डवेअरच्या दुकानात तो माझ्याआधी शिरला.
पितळी, स्टीलची, काळी पावडर कोटिंगची,
काउंटरवर कड्यांची रांग लावायला लावली
नि डोळे मिटले.
एका हातानं, डाव्या,
ओढली, सोडली. पुढची.
ओढली, सोडली.
शेठ माझ्याकडं बघायला लागला.
मी खिळ्यांच्या बरण्या बघत राहिले.
अकरावी कडी आवाज न करता सुटली.
ही, म्हणाला. सगळ्या दारांना हीच.
भाव विचारला नाही.
मी विचारला. दहा टक्के सोडले.

खाजाभाई दार बसवत होता,
खांद्याच्या उंचीवर भोकं पाडून झालेली.
मन्मथ आला, बघितलं,
म्हणाला, खाली घ्या.
कितना खाली?
त्यानं हात पुढं केला, हवेत,
जमिनीपासून जरा वर,
जसं कुणाच्या डोक्यावर ठेवावा तसा.
खाजाभाई म्हणाला, साहेब, इतनी नीचे
तो छोटे बच्चेका हात पुरेगा.
हां, मन्मथ म्हणाला. नऊ वर्षांच्या.

आमची पोरगी चौदाची आहे.
माझ्या डोक्यावरून तिला सगळं दिसतं.
खाजाभाईनं आमच्या तिघांकडं पाहिलं,
कानावरची पेन्सिल काढली
नि मन्मथचा हात होता तिथं
चौकटीवर रेघ मारली.

वरची भोकं लांबी भरून बुजवली,
पॉलिश मारलं.
आलेल्यांना दिसत नाहीत.
वाकून कडी काढतात नि म्हणतात,
हे काय, सुतार चुकला वाटतं?
मी म्हणते, हो ना.
या, आत या.
फरशी बघा, सँड आहे.