रात्रपाळीचं वाचन

एकच पलंग शिल्लक असतो म्हणे.
बाहेर वादळ, दोघं भिजलेले,
आणि लॉजवाली म्हणते, सॉरी, एकच खोली, एकच पलंग.
हे आलं की मी मोबाइल पालथा ठेवते.
पंचवटीत बावीस वर्षं काउंटरवर बसतेय,
जादा गादी प्रत्येक मजल्यावर असते.
लेखिकेने निदान विचारायचं तरी.

भाचीने भरून दिल्यात या कादंबऱ्या, साठेक असतील.
इंग्रजी माझं बेताचं.
अडलेला शब्द जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून ठेवते,
सकाळी तिला विचारते, आणि लाजते ती.

आता रक्तपिपासूंचं घ्या.
चारशे वर्षं जगलेला माणूस,
आणि जीव जडतो बारावीतल्या पोरीवर?
मधल्या काळात एकही समवयस्क भेटली नाही?
शिवाय श्रीमंत. नेहमीच श्रीमंत.
जेवत नाही, हा मात्र मोठा गुण.
डबा नाही, पोळ्या नाहीत, ‘आज काय केलंय’ नाही.
डोळेबिळे सगळं नंतर, बायका भाळतात ते यावर.
लांडगे त्यातल्या त्यात बरे.
महिन्यातून एकदाच बिघडतात
आणि तारीख आधी ठाऊक असते.

भुतांबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही.
माझ्याकडे मेलेले रोज येतात,
लाल फडक्यात बांधलेल्या मडक्यातून.
आत आणायचे नाहीत,
जिन्याखाली खुंट्या ठोकल्यात त्यांच्यासाठी.
रात्री आठ-दहा जण शेजारी शेजारी लटकत असतात,
एकानेही कधी कुणाला हाक मारली नाही.
आणि रामकुंडावर दहाव्याला
पिंडाला कावळा शिवेना
की घरचे आठवू लागतात, काय राहिलं होतं,
कुणाला काय कबूल केलं होतं.
तीनशे पानांच्या धुक्यापेक्षा
मला ते प्रेमाच्या जास्त जवळचं वाटतं.

आणि दोन पुरुषांच्या गोष्टी.
तिथं मी शेवटचं पान आधी बघते.
दोघं जिवंत आहेत ना, एवढंच.
दोनशेविसाव्या पानावर एकाला मारायची खोड आहे लिहिणाऱ्यांना,
नाही मारलं तर कॅनडाला पाठवतात.
आयांना दीड प्रकरणात पटतं.
कुणाचं पोट सुटत नाही,
कपडे वाळत घालायची पाळी कुणाची, यावर भांडण नाही.
तरी त्याच मी पुन्हा वाचते.
त्यांत एक जण हात पुढे करतो, मध्येच थांबतो,
विचारतो, चालेल?
माझ्या एकोणीस वर्षांच्या संसारात
हा शब्द मला फक्त रिक्षावाल्यांनी विचारला,
सुट्ट्या पैशांवरून.

हिंमतराव देवरे, साक्री. विल्सन साळवे, श्रीरामपूर.
दर फेब्रुवारीत येतात.
पहिल्या वर्षी मी रजिस्टर पुढे केलं.
‘येण्याचं कारण’, वरपासून खालपर्यंत
अस्थी, अस्थी, दशक्रिया, अस्थी.
यांनी लिहिलं, फिरायला.
‘नातं’पाशी देवरेंचं पेन थांबलं.
साळवेंनी ते हातातून काढून घेतलं
आणि लिहिलं, सोबत.
मी चष्मा पुसला. पुसण्याइतका मळलेला नव्हता.

पंख्यावरून भांडतात. एकाला पाचवर हवा, एकाला दोनवर.
रात्री साडेअकराला देवरे खाली येतात,
साळवेंच्या गुडघ्यांसाठी गरम पाणी मागतात,
शेकायची पिशवी घरून आणलेली.
जाताना द्राक्षांची पेटी ठेवतात काउंटरवर,
आणि बिलात पन्नास रुपये कमी करायला लावतात.

यंदा चिंधूने त्यांना एकशे चार दिली.
दोन भिंतींना दोन पलंग, मध्ये टीपॉय.
सकाळी झाडायला गेलेली सुमन तणतणत खाली आली,
टीपॉय गॅलरीत, पलंग सरकवलेत,
फरशीला हा एवढा चरा.
मी म्हटलं, राहू दे.
चऱ्याचे पैसे लावले नाहीत.
भाचीला मात्र सांगितलं,
तुझ्या साठांतल्या एकीलाही हे सुचलं नाही बघ.
पलंग दोनच असतात.
सागाचे. आणि साठीच्या माणसांना
ढकलायला बरेच जड.