पाटीवर मावेल तेवढं

कॉलेजातून पत्र आलंय:
नव्या जिमच्या भिंतीवर पितळी पाटी बसवायची आहे,
आन्सगार ट्वेटन यांच्या नावाची.
चार ओळी द्या. सामने, विजय, पराभव.
सामानाची खोली तुमच्याकडे होती ना, वह्या असतील.

वह्या आहेत.
फुटबॉल: एकशे अकरा जिंकले, एकशे चौतीस हरले, नऊ बरोबरीत.
बास्केटबॉलची दोन वर्षं उंदरांनी खाल्ली.
बेसबॉलचे निम्मे सामने एप्रिलच्या बर्फानेच जिंकले.
शर्यतींची वही कधी नव्हतीच;
त्या वेळा तो तळहातावर लिहायचा
आणि घरी जाऊन हात धुवायचा.

एकाच पायलीने गहू मोजावा, जवस मोजावं, बार्ली मोजावी
तसा एका शिट्टीवर त्याने डाकोटाचा अख्खा वर्षभर मोजला.
सप्टेंबरात चुन्याच्या रेघा स्वतः ओढायचा.
नोव्हेंबरात त्या बर्फाखाली गेल्या
की दुसऱ्या दिवशी आम्ही चॅपलच्या तळघरात,
जिथे छत इतकं खाली
की चेंडू जवळजवळ आडवाच फेकावा लागे.
पाहुणे संघ वैतागायचे.
आम्ही मात्र बाहेर, उंच छतांखालीही
वाकून खेळायचो, आणि हरायचो.

पगार एकाच माणसाचा.
शिवाय सकाळी आठला भूमिती.
वर्तुळ काढता काढता खडू थांबायचा,
परिघाबाहेर एक बाण निघायचा,
लगेच पुसला जायचा.
आम्हाला कळायचं: शनिवारी डावीकडून.

बसही तोच चालवायचा.
हरल्यावर पहिले तीस मैल कुणी बोलायचं नाही.
एकतिसाव्याला तो आरशात बघून विचारायचा,
भूक कुणाकुणाला लागलीय?

एक गोष्ट त्याच्या बाजूची नाही, तीही सांगतो.
एमिल हाउगेच्या पायाचं हाड चिरलेलं होतं.
कोचला माहीत होतं.
तरी चारशे मीटरला त्याला उभं केलं.
एमिल दुसरा आला.
आता बियाणं विकतो; पायाचं विचारलं
तर हसतो आणि पाय खुर्चीखाली घेतो.

त्रेचाळीस साली पोरं युद्धावर गेली.
उरलो सात: एक दमेकरी, एक सपाट तळव्यांचा,
पाद्री व्हायला निघालेले तिघे,
जाड भिंगांचा हेन्रिक साउअर, आणि मी.
सातांचा संघ होत नाही.
साडेतीनला शिट्टी वाजायची.

त्याच हिवाळ्यात वर्नन ल्यूटकेची आई आली.
तिला त्याची जर्सी हवी होती.
जर्सी कॉलेजच्या मालकीची, नियम स्पष्ट होता.
कोचने माझ्याकडून वही घेतली,
बावीस नंबरसमोर लिहिलं: हरवली.
माझ्या वह्यांत त्याचं अक्षर एवढं एकच.
महिनाअखेर त्याच्या पगारातून दोन डॉलर कापले गेले.
बाई गेटपर्यंत गेली, परत आली,
म्हणाली, धुवायची राहिलीय का ही?
तो म्हणाला, हो.
बरं झालं, म्हणाली.

अठ्ठावन्न साली तो निवृत्त झाला
आणि त्याच्या जागी चौघं आले,
भूमितीला पाचवा.
एकदा सामना बघायला आला होता,
सर्वांत वरच्या बाकावर बसला.
हातांचं काय करावं ते त्याला कळेना.
शेवटी टोपी मांडीवर घेऊन फिरवत राहिला.

तर, आकडे पाठवतोय.
बेसबॉलचे अंदाजाने भरलेत,
दोन विजय वाढवलेत, त्यातला एक तरी खरा असेल.
बावीस नंबरचं पान पाठवत नाही.

काचेच्या कपाटासाठी शिट्टी आहे का, असंही विचारलंय.
आहे. पण तिच्यातला मणी केव्हाच झिजून पडला.
शेवटची सहा-सात वर्षं
तो नुसती हवा फुंकायचा,
आणि पोरं थांबायची.